भूपट्ट-भूकंप प्रयोगसंच: पेटी मोठी, कामाचे भाग दोनच

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की साताऱ्यातल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत ही पेटी दर्शनी ठेवलेली दिसते. झाकणावर धगधगता ज्वालामुखी, आत सहा प्रयोग, किंमत ३,४०० रुपये. शाळेच्या नावाने बिल मागितलं तर ३,१०० पर्यंत उतरते. उत्पादकाचं नाव इथे देत नाही, कारण हाच माल वेगवेगळ्या स्टिकरांखाली विकला जातो. आतले साचे, पुस्तिका आणि चुका सगळीकडे सारख्याच असतात.

मत आधीच सांगतो. पॉलिश पेपरवर ओढायचा लाकडी गुटका आणि हाताने फिरवायचं हलतं टेबल हे दोन भाग उत्तम आहेत. पट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या घन थराच्या सरकत्या तुकड्यांचा (प्लेट्सचा), ट्रे दिसायला छान पण शिकवायला घातक आहे. भूकंपमापक म्हणजे खेळणं. आणि साताऱ्यात विकल्या जाणाऱ्या या पेटीत साताऱ्याचा, म्हणजे कोयनेचा, भूकंप कुठेच नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. ती मात्र घरच्या घरी भरून काढता येते. कशी, ते पुढे येईल.

ट्रेपासून सुरुवात करू. जाड फोमचे कापलेले पट्ट लाल जेलच्या पिशवीवर ठेवायचे आणि बोटाने सरकवायचे. रंगसंगती चांगली आहे, कडा नीट कापल्या आहेत, पॅसिफिक पट्ट केवढा मोठा आहे हे एका नजरेत कळतं. घोटाळा जेलचा आहे. ते पाहून प्रत्येक मूल हेच डोक्यात घेऊन जातं की जमिनीखाली लाल रस भरलाय आणि आपण त्यावर तरंगतोय. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, घन असतं. पुरावा याच पेटीतल्या लहरींच्या प्रयोगात आहे: भूकंपाच्या दुय्यम लहरी (आडव्या हलवणाऱ्या) द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून आरामात जातात. त्या अडतात ते थेट द्रव असलेल्या बाह्य गाभ्यापाशी, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर. घन असूनही प्रावरण लाखो वर्षांत हळूहळू वाहतं. लोहाराच्या ऐरणीवरचं तापलेलं लोखंड वितळलेलं नसतं, तरी वाकतंच. वर्गात हा ट्रे वापरायचाच असेल तर जेलची पिशवी काढून खाली मळलेल्या कणकेचा जाड थर द्या. बोटाने जोर लावावा लागतो, पट्ट जागचे हलायला वेळ घेतात, आणि नेमकं तेच दाखवायचं असतं.

पुस्तिका म्हणते की खालच्या अभिसरण प्रवाहावर (तापलेला भाग वर, गार भाग खाली अशा फिरत्या प्रवाहावर) पट्ट तराफ्यासारखे वाहत जातात. हे अर्धंच खरं. प्रवाह आहेत, पण बहुतेक वेगवान पट्टांना मुख्य ओढ असते ती त्यांच्याच बुडणाऱ्या कडेची. पलंगावरून निम्मी घसरलेली गोधडी उरलेल्या गोधडीला खाली ओढून नेते, तसं. ज्या पट्टांच्या कडा मोठ्या प्रमाणात दुसऱ्या पट्टांखाली जातायत ते जास्त वेगाने सरकतात, हे त्यामुळेच. पॅसिफिक पट्ट हे त्याचं ठळक उदाहरण.

वेगाबद्दल पुस्तिकेत नुसतं 'अतिशय हळू' एवढंच आहे. आकडा सांगा: भारतीय पट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. १९६७ च्या कोयना भूकंपापासून आजवर सुमारे तीन मीटर झाले, म्हणजे घरातल्या एका खोलीची रुंदी. शिवराज्याभिषेकापासून मोजलं तर सतरा-अठरा मीटर. फळ्यावर हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या.

पट्टांच्या सीमांचे तीन ठोकळे ठीकठाक आहेत. अपसरण सीमेचा, म्हणजे दोन पट्ट एकमेकांपासून दूर जातात त्या सीमेचा, सगळ्यात चांगला: फळीतल्या खाचेतून कापडाच्या दोन पट्ट्या वर येतात आणि दोन बाजूंना पांगतात, पट्ट्यांवर आरशातल्यासारखे जुळणारे काळे-पांढरे पट्टे. समुद्रतळाचं वय कडेला जास्त आणि मधल्या कण्याजवळ (समुद्रतळावरच्या डोंगररांगेजवळ) कमी का, ते बघताक्षणी उमगतं. आपल्याला जवळचं उदाहरण अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग कण्याचं. पुस्तिकेत फक्त अटलांटिक आहे. बुडणाऱ्या पट्टाचा ठोकळा बिजागरीवर चालतो, तीन-चार वर्गांनंतर स्क्रू ढिला पडतो, छोटा वायसर घाला. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रा-अंदमानच्या पट्ट्यात अशीच अडकलेली कड सुमारे १,३०० किलोमीटर लांबीत सुटली आणि ९.१ तीव्रतेचा भूकंप व त्सुनामी झाली. त्याच पट्ट्यातलं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी.

आता चूक. खंड-खंड टक्करीच्या ठोकळ्यावर हिमालय दाखवलाय आणि त्यामागे धूर सोडणारा ज्वालामुखी चिकटवलाय. हिमालयात ज्वालामुखी नाहीत. दोन्ही बाजूंचे खंड हलके असल्याने एकही निमूटपणे खोल जात नाही, दोघं मिळून चुरगळतात, जाड होतात. समुद्रतळाचा पट्ट बुडाला की तो पाणी सोबत नेतो, त्या पाण्याने वरच्या प्रावरणाचा वितळबिंदू खाली येतो आणि ज्वालामुखी तयार होतात. ती यंत्रणा इथे उरलेली नाही. स्टिकर नखाने निघतो, काढून टाका.

इथेच एखादं पोरगं विचारतं की मग अजिंक्यतारा किल्ल्याचा काळा दगड कुठल्या सीमेवर बनला? कुठल्याच नाही. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पसरलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट, आणि तो लाव्हा पट्टाच्या कडेवर नव्हे, खालच्या तप्त स्थळामुळे (प्रावरणातल्या जास्त तापलेल्या जागेमुळे) वर आला. पेटीत याबद्दल चकार शब्द नाही. घाटातल्या कापलेल्या कड्यावर लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दिसणारी लाल मातीची पट्टी हा त्यापेक्षा चांगला नमुना आहे, आणि फुकट आहे.

आता ज्यासाठी पैसे मोजावेत तो भाग. ९० सेंटिमीटरची प्लायची फळी, वर ६० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर तसाच पेपर लावलेला अडीचशे ग्रॅमचा लाकडी गुटका, रबर, दोरी आणि दोरी गुंडाळायची छोटी चरखी. चरखी हळू आणि एकसारखी फिरवायची. रबर ताणत जातं, गुटका ढिम्म. मग एकदम ठक्कन उडी, पुन्हा ढिम्म. भूकंपाची यंत्रणा हीच. पट्ट कधी थांबत नाही, म्हणजे चरखी फिरतेच आहे. प्रस्तरभंगावर, म्हणजे खडकातल्या ज्या भेगेवर दोन बाजू सरकतात (फॉल्ट) तिथे, घर्षणाने खडक धरून बसतो. ताण खडकाच्या लवचीकपणात साठतो. घर्षण हरलं की साठलेलं सगळं काही सेकंदांत मोकळं होतं. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर सरकलेली कुंपणं आणि मोजणीच्या खुणा पाहून अमेरिकी शास्त्रज्ञ रीड यांनी मांडलेला सिद्धांत तो हाच.

पण पेटीतून काढलं आणि लावलं, असं केलं तर प्रयोग फसतो. पेटीतलं रबर आखूड आणि जाड आहे. ते ताणतच नाही, त्यामुळे गुटका उडी न मारता सरपटत जातो. मुलं कंटाळतात, शिक्षक म्हणतात मॉडेल बिघडलंय. साधी पातळ रबरं पाच-सहा एकमेकांत अडकवून माळ करा. गुटक्यावर आधी ५०० ग्रॅमचं वजन ठेवा; नुसत्या गुटक्याच्या उड्या इतक्या बारीक असतात की मागच्या बाकाला दिसत नाहीत. चरखीची एक फेरी तीन-चार सेकंदांत, त्याहून जोरात नको. फळीच्या कडेला शिंप्याची टेप चिकटवा, एका मुलाने उडी किती सेंटिमीटरची झाली ते लिहायचं, दुसऱ्याने दोन उड्यांमध्ये चरखीच्या किती फेऱ्या झाल्या ते. वजन ५०० वरून १,००० ग्रॅम केलं की उड्या कमी आणि मोठ्या होतात, हे त्यांच्याच वहीत उमटतं. आणि सरपटणारा गुटका हाही धडाच आहे, फेकून देऊ नका: कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाचा मधला भाग असाच न अडकता सरकत राहतो आणि तिथे मोठे भूकंप होत नाहीत.

पॉलिश पेपर ही खर्चाची बाब. चाळीस-पन्नास ओढींनंतर कण झिजतात, खाचांत लाकडाची भुकटी भरते, उड्या लहान होत जातात. दात घासायच्या जुन्या ब्रशने प्रत्येक तासाआधी साफ करा, प्रदर्शनाच्या दिवशी नवा पेपर लावा. फेव्हिकॉलचा हात पातळ ठेवा आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा; कडा उचलल्या तर गुटका दरवेळी तिथेच अडतो आणि आकडे खोटे येतात. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूच्या शाळांनी पावसाळ्यात फळी उभी ठेवू नये, ओल्या हवेत प्लाय मधोमध फुगतो.

पेटीत दुसरा गुटकाही आहे, पण पुस्तिका त्याला 'सुटा भाग' म्हणते. तो सुटा भाग नाही. दोन्ही गुटके रबराने एकामागोमाग जोडा आणि पुढच्याला ओढा. कधी एकटा पुढचा उडतो, कधी त्याच्या ताणाने मागचाही लगेच सुटतो, आणि पुढची उडी किती मोठी असेल ते सांगता येत नाही. स्प्रिंगने जोडलेल्या गुटक्यांचं हे प्रारूप बरिज आणि नोपॉफ या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलं. भूकंपाची तारीख का सांगता येत नाही, याचं उत्तर त्यात आहे.

१९६७ म्हटलं की आपल्याकडे दुसरंच आठवतं. ११ डिसेंबरची पहाट, ४ वाजून २१ मिनिटं, तीव्रता ६.३, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. कोयना कुठल्याही पट्टाच्या कडेवर नाही, पट्टाच्या पोटात आहे. पेटीतल्या सहाही प्रयोगांचा भर कडांवर, म्हणून पाटणच्या मुलाला घरातली भांडी का वाजतात हे त्यातून कळत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि धक्के वाढले. १९८५ मध्ये सांगली जिल्ह्यातलं वारणा धरण भरायला लागलं, नंतर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे वारणेच्या बाजूला पसरला. हे सगळं साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या तुकड्यात. कराडजवळच्या हजारमाचीच्या संशोधन प्रयोगशाळेच्या कामातून याच भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. किलोमीटरहून जास्त जाडीचा बेसॉल्ट ओलांडला की खाली ग्रॅनाइट लागतो.

ही उणीव भरायला नवं काही घ्यावं लागत नाही. गुटक्यावर ५०० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅमची पाच वजनं ठेवा. दोन-तीन उड्या होऊ द्या, म्हणजे किती ताणल्यावर सुटतो त्याचा अंदाज येतो. मग त्या जागेच्या एखादा सेंटिमीटर अलीकडे चरखी थांबवा. सगळं स्तब्ध झालं की एक वजन सरळ वर उचला, गुटक्याला धक्का न देता. गुटका उडी मारतो. चरखीला कुणी हात लावलेला नाही, ताण वाढवलेला नाही, फक्त दाब कमी झाला. खडकातल्या भेगेत दाबाखालचं पाणी शिरलं की ते दोन्ही भिंतींना बाहेर ढकलतं, पकड सैल होते. धरणाचं पाणी भूकंपाची ताकद पुरवत नाही. ताकद पट्टाच्या रेट्याची, आधीपासून साठलेली. पाणी खटका ओढतं.

लगेच उलटा प्रयोग करा. रबर निम्मंच ताणा आणि वजन उचला. काही होत नाही. 'धोम, कण्हेर धरणांना कोयनेसारखी धक्क्यांची मालिका का नाही?' हा प्रश्न साताऱ्यात हमखास येतो, आणि या दुसऱ्या ओढीत त्याचं उत्तर मिळतं: खाली सुटण्याच्या बेतात आलेला प्रस्तरभंग लागतो, आणि पाणी तिथवर पोचायला वाट लागते. पोचायला वेळही लागतो, म्हणून पाऊस संपून धरण भरल्यानंतर काही काळाने धक्के वाढतात.

'वजन उचलणं म्हणजे पाणी कसं?' असं विचारणारा चौकस गडी वर्गात असेल तर त्याच्यासाठी शीतपेयाचा रिकामा कॅन. वरचं झाकण पूर्ण कापून कड कानशीने घासून सपाट करा, फ्रीझरमध्ये तासभर ठेवा. खिडकीची काच तीन-चार अंशांनी तिरपी टेकवा, पाण्याने ओली करा, कॅन तोंड खाली करून काचेवर ठेवा. आधी तो जागचा हलत नाही. आतली गार हवा तापू लागली की तिचा दाब वाढतो, कॅनचं थोडं वजन ती हवाच पेलते, आणि कॅन आपसूक उतारावरून चालू लागतो. काचेच्या कडेवर त्याचं तोंड जरासं बाहेर आलं की हवा फस्सकन निसटते आणि कॅन तिथेच थांबतो. हा प्रयोग हबर्ट आणि रुबी या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवला होता, तेव्हा कॅन बिअरचा होता. कापलेली कड मुलांच्या हाती देऊ नका.

लहरींसाठी दिलेली प्लॅस्टिकची स्प्रिंग पहिल्याच तासाला गुंतते. धातूची घ्या, जमिनीवर तीन मीटर ताणा. पुढे-मागे धक्का म्हणजे प्राथमिक लहर, डावी-उजवीकडे म्हणजे दुय्यम. पुस्तिका इथेच थांबते, खरी गंमत तर पुढे आहे. कवचात प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते, दुय्यम साडेतीन. दोन्हींमधल्या सेकंदांना ८ ने गुणलं की केंद्र किती किलोमीटरवर ते ढोबळमानाने मिळतं. कोयनानगर साताऱ्यापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, म्हणजे 'धडक' आणि 'हेलकावा' यांत पाच सेकंद. सांगलीला शंभरच्या थोडं वर, म्हणून तेरा सेकंद. वर्गाच्या एका टोकाला सातारा, दुसऱ्याला सांगली उभी करून टाळ्यांनी हे करता येतं, स्प्रिंग नसली तरी.

भूकंपमापकावर 'खरे भूकंप नोंदवा' असं छापलंय. नोंदवणार नाही. दीडशे ग्रॅमचा लंबक, कागदावर घासणारा स्केचपेन, हालचाल मोठी करून दाखवायची सोय शून्य. कोयनेच्या ३ तीव्रतेच्या धक्क्यात साताऱ्याची जमीन जेवढी सरकते ती डोळ्यांनाही दिसणार नाही इतकी कमी असते, ती पेनच्या घर्षणातच विरते. टेबल हलवून रेघ काढायला मात्र चालेल. लंबकाला किलोभर वजन आणि २५ सेंटिमीटरची दोरी द्या, म्हणजे झोका बरोबर एका सेकंदाचा होतो. पेनऐवजी मऊ ब्रश लावा.

हलतं टेबल दुसरा घेण्यासारखा भाग. चरखीला तीन वेग आहेत, बेअरिंग चांगली, आवाज कमी. वर आइसक्रीमच्या काड्यांचे दोन मनोरे उभे करा, एक दोन मजली, एक सहा मजली. हळू वेगात उंच मनोरा झुलतो आणि बुटका शांत, वेगात उलट. मग बुटक्याच्या तळमजल्याच्या तिरक्या काड्या काढा, म्हणजे पार्किंगवर उभी इमारत झाली. ती तळातच मोडते. तिसरी रचना पेटीत सुचवलेली नाही ती करा: ओल्या मातीत रचलेल्या गोट्यांची भिंत. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेच्या धक्क्यात माणसं मोठ्या संख्येने गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. त्याच भिंतीला दाराच्या उंचीवर चहूबाजूंनी पुठ्ठ्याची पट्टी बांधा आणि पुन्हा हलवा. फरक सांगावा लागत नाही. सांगलीच्या शाळांनी टेबलावर ओल्या वाळूची पसरट पाटी ठेवून एक मनोरा त्यात आणि एक विटेवर उभा करावा, कारण कृष्णाकाठचा गाळ आणि साताऱ्याचा कातळ सारखे हलत नाहीत. थर्मोकोलच्या धरणाचाही काप करून पाहा: कोयनेच्या १०३ मीटर उंच भिंतीला १९६७ मध्ये आडव्या भेगा गेल्या त्या पाण्याच्या उलट बाजूचा उतार जिथे अचानक बदलतो त्या उंचीवर.

पुस्तिकेचं मराठी यंत्राने केलेलं दिसतं. प्लेटला 'थाळी' आणि फॉल्टला 'दोष' केलंय. 'दोन थाळ्या एकमेकींवर घासल्याने दोष निर्माण होतो' हे वाक्य आठवीच्या वर्गात मोठ्याने वाचलंत तर तास संपेपर्यंत वर्ग आवरणार नाही. रिश्टरच्या प्रत्येक अंकाला 'दहापट शक्ती' लिहिलंय तेही चूक. थरथर दहापट नोंदली जाते, ऊर्जा सुमारे बत्तीसपट वाढते.

पूर्ण पेटीला पाचपैकी अडीच. काही दुकानदार गुटक्याची फळी आणि हलतं टेबल सुटं देतात, दोन्ही मिळून १,५०० च्या आत बसतात. आधी तेच मागा. फळी तर सुताराकडून प्लायच्या उरलेल्या तुकड्यातही होते. घेताना काउंटरवरच चरखी पूर्ण फिरवून पाहा, बऱ्याच पेट्यांत तिचा दांडा वाकडा येतो आणि प्रत्येक फेरीत दोरीला हिसका बसतो. त्या हिसक्याने गुटका सुटतो, ताणाने नाही.